दोन तापांमधले चार दिवस

कुत्र्याच्या शेपटीखाली थर्मामीटर धरून सावळीराम उभा राहिला, की बघणाऱ्याला वाटावं, तिसरी घंटा झाली, आता पडदा वर जाणार. श्वास रोखलेला, भुवया चढलेल्या, नजर पाऱ्यावर.

नाशकातल्या एका सरकारी गुरांच्या दवाखान्यात तो ड्रेसर होता. बैलाच्या खांद्यावरची जखम धुवायची, गाय आवळून धरायची, सुया उकळायच्या, हे त्याचं काम. नव्वदनंतर नव्या कॉलन्यांमधून पामेरियन, अल्सेशियन कुत्री यायला लागली आणि सावळीरामच्या डोक्यात एक प्रश्न शिरला. तो त्याच्या स्वतःच्याच चुकीतून आला होता.

वत्सलाबाई नावाच्या शिक्षिकेनं पिल्लू आणलं होतं. डोळ्यांत चिपडं, नाक गळतंय, अंग तापलेलं. डॉक्टरांनी डिस्टेंपर, कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा ताप, म्हणून सांगितलं, इंजेक्शनं सुरू केली. चौथ्या दिवशी डॉक्टर खेड्यावर लसीकरणाला गेलेले आणि पिल्लू उड्या मारत दारात हजर. ताप नाही, काही नाही. सावळीराम ऐटीत म्हणाला, "बरा झाला बाई. उद्यापासून यायचं कारण नाही."

बारा दिवसांनी बाई पुन्हा आल्या. पिल्लाचा जबडा काही चघळत असल्यासारखा आपोआप हलत होता आणि मागचा पाय ठेका धरल्यासारखा उडत होता. आजार मेंदूत शिरला होता. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. बाई भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना, यायचं कारण नाही."

त्यानंतर कितीतरी दिवस सावळीरामला जेवण गोड लागलं नाही. एक दिवस धीर करून त्यानं डॉक्टरांना विचारलं, "साहेब, त्या मधल्या बऱ्या दिवसांत आजार जातो कुठं?"

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "जात नाही, सावळीराम. आत उतरतो. पहिला ताप निघतो, दोन-चार दिवस बरे जातात, मग पुष्कळदा दुसरा ताप येतो. तो छाती धरतो, पोट धरतो. या विषाणूवर औषध नाही. मागून घुसणारे जंतू अडवायचे, पोटात पाणी-अन्न जात राहील असं बघायचं आणि झटके यायच्या आत अंगाला लढायला वेळ मिळवून द्यायचा. सगळं करूनही कधी झटके येतात."

त्या दिवसापासून सावळीराम आजारी कुत्र्यांपेक्षा बऱ्या दिसणाऱ्या कुत्र्यांच्या मागे जास्त लागला. संध्याकाळी सायकलवर टांग टाकून तो त्यांच्या घरी जायचा. लोक हसायचे. "आला बघा सावळीराम! मोत्या, शेपटी वर कर!" तो हसून घ्यायचा आणि पारा झटकायचा.

शहाण्णव साली, होळीला दोन दिवस राहिले असताना, नवसाबाई आली. पेठकडची, डोंगरातली, एकटी बाई. द्राक्षांच्या बागेत खुडणीला आली होती. कडेवर लुगड्याच्या पदरात गुंडाळलेलं तीन महिन्यांचं पिल्लू, भुऱ्या. त्याच आजारावर आठवडाभर डॉक्टरांची इंजेक्शनं झाली होती. आज भुऱ्या खाली उतरून कोंबडीवर धावला.

"आता झाला ना चांगला?" नवसाबाईनं विचारलं. "उद्या सकाळी ट्रक सुटतो. होळीला घरी पोचायचं."

दाराशी मुकादम धनराज बिडी ओढत उभा होता. तोच तिला मोटरसायकलवर घेऊन आला होता. "चल गं. नाचतंय ते बघ."

सावळीरामनं पारा बघितला. एकशे दोन. कुत्र्याला एवढा असतोच, चोख. तरी तो म्हणाला, "नेऊ नको. चार दिवस थांब."

"होळी सोडून?" नवसाबाईचे डोळे मोठे झाले. डोंगरातला माणूस कुठंही मजुरीला असो, होळीला घरी जातोच. "आन् कशाला? ताप नाय, खातंय."

सावळीरामला विषाणू समजावता येईना. त्यानं वेगळीच सुरुवात केली. "बोहाड्याची सोंगं बघतेस ना?"

"बघते म्हंजे? माझा दीर गणपतीचं सोंग घेतो."

"एक सोंग नाचून आत गेलं, की लोक उठून जातात का?"

"कशाला जातील? मागनं दुसरं येतं. मोठी सोंगं तर पहाटं येत्यात."

"मग ह्याचं पहिलं आत गेलंय. मोठं यायचंय. तुझ्या गावात दवाखाना नाही. आलं तर काय करशील?"

धनराज फिसकन हसला. "कुत्र्यासाठी होळी सोडती का? दुसरं पिल्लू देतो तुला, दोन देतो!"

"दोन तूच पाळ," ती म्हणाली. "घरात माणूस नाय माझ्या. ह्यो हाय तर रातीला बिबट्याची भीती वाटत नाय. मी थांबते."

आता सगळा भार सावळीरामच्या डोक्यावर आला. दवाखान्यामागच्या पडवीत, बाकीच्या कुत्र्यांपासून लांब, भुऱ्या आणि नवसाबाई राहिली. सावळीरामची बायको यशोदाबाई डबा घेऊन यायची. होळीच्या संध्याकाळी ती म्हणाली, "आमच्यात होळी नाही गं पेटवत. पण जेवायला मात्र मी बसते तुझ्याबरोबर." दोघी पडवीत जेवल्या. लांब कुठंतरी डफ वाजत होता. नवसाबाईचा हात घासावरच थांबला.

पहिला दिवस, एकशे दोन. दुसरा, एकशे दोन. तिसऱ्या दिवशी भुऱ्यानं सावळीरामची चप्पल पळवली. नवसाबाई पडवीच्या खांबाला टेकून बसली होती. "दादा, तू मला उगाच थांबवलं. गावात सगळी नाचली असतील."

सावळीरामनं चप्पल सोडवून घेतली. खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाच कळेना, आपण ताप यायची वाट बघतोय की न यायची. त्या विचाराची त्याला लाज वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी भुऱ्या उठला नाही. पारा एकशे चारच्या पुढं गेला. नाक घट्ट चिकटलं, छातीत घरघर. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं. सावळीराम कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून डोळे-नाक पुसत बसला. नवसाबाई किटलीची वाफ धरायची. पण भुऱ्या पेजेला तोंड लावेना.

"खाईल कसा?" यशोदाबाई म्हणाली. "नाक बंद आहे, वास कुठं येतोय त्याला?" ती घरी गेली आणि पेजेत सुका बोंबील उकळून घेऊन आली. सगळ्या दवाखान्यात घमघमाट सुटला. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. भुऱ्यानं मात्र डोकं उचललं आणि दोनदा जीभ फिरवली.

सहा दिवसांनी ताप उतरला. तरी सावळीराम रोज त्याला उताणा झोपवून जबडा बघायचा, पाय बघायचा, पापण्या बघायचा. कुठं काही उडतंय का? काही उडालं नाही. आणखी दहा दिवसांनी नवसाबाई पेठच्या बसमध्ये चढली. सावळीरामनं खिडकीतून बजावलं, "अजून महिना-दोन महिने लक्ष ठेव. माझ्याकडून हमी घेऊ नको. मी एकदा 'बरा झाला' म्हणालो होतो."

पुढच्या माघात ती आली, दोरीला धिप्पाड भुरं कुत्रं. सावळीरामनं आधी पाय बघितले, मग जबडा. सगळं ठीक. मग ओठ वर केला आणि तो जवळ वाकला. दात तपकिरी, खडबडीत, किडीनं खाल्लेल्या दाण्यासारखे खळग्याखळग्यांचे.

"हे काय रं दादा? असलं कशानं झालं?"

"ताप होता ना, तेव्हा हे दात हिरडीच्या आत घडत होते," सावळीराम हळूच म्हणाला. त्यानं एकेका दातावरून बोट फिरवलं. कसे निघतात असे दात, हे त्यानं नुसतं डॉक्टरांकडून ऐकलं होतं. "बघ, इथं तो आजार होता. आला होता, बाई. खरंच आला होता."

आपण वाचवला, की त्याच्यातच दम होता, हे त्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

"हाडूक फोडतो का?"

"फोडतो. आवाज लय करतो, पर फोडतो."

सावळीरामनं डॉक्टरांना हाक मारली. मग नवसाबाईला म्हणाला, "तोंड उघडं धर त्याचं. साहेबांना दाखवू."