किरकोळ जखमी

डोंबिवलीत आजही वारा एमआयडीसीकडून वळला की रसायनांचा तो आंबूस वास खिडकीतून घरात शिरतो, आणि मी ठाण्याच्या त्या वर्गात जाऊन बसते.

पत्रकारिता आणि जनसंपर्काचं आमचं पहिलं वर्ष होतं. एका केमिकल कंपनीचे निवृत्त जनसंपर्क अधिकारी शिकवायला आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मऊ आवाज. अपघातानंतर निवेदन कसं लिहावं हे सांगताना त्यांनी स्वतःचंच एक जुनं वाक्य फळ्यावर लिहिलं, ‘कारखान्यातील स्फोटात काही कामगार किरकोळ जखमी.’ कंपनीचं नाव आणि स्फोटाचं साल त्यांनी सांगितलं. माझे बाबा त्याच स्फोटात सापडले होते.

मी उभी राहिले. “सर, किरकोळ म्हणजे किती?”

ते हसले. “अगं, बातमी आतल्या पानावर जाईल एवढं.”

“माझ्या बाबांचा उजवा डोळा गेला त्यात.”

सरांनी खडू खाली ठेवला. मग अगदी हळू त्यांनी विचारलं, “बाबांचं नाव काय, बाळा?”

मी सांगितलं. ते नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तेव्हा मला त्यांचा भयंकर संताप आला होता. आता वर्तमानपत्राच्या नोकरीत अशी निवेदनं माझ्या टेबलावर रोज येतात, आणि मी हादरते ती वेगळ्याच गोष्टीने. नाव विचारताना सरांचे डोळे खरोखर भरून आले होते. इतक्या भल्या माणसाने ते वाक्य लिहिलं होतं.