थंडीबाई

डिसेंबरात कालव्यावर धुकं असताना बिनबाह्यांचा झगा घालून उघड्या डोक्यानं फिरणारी एकच बाई आमच्या वस्तीनं पाहिली. आम्ही सगळे स्वेटर, मफलर, कानटोपी असा सरंजाम करून बाहेर पडायचो आणि ही समोरून दोन्ही हात हलवत यायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या घरमालकांनी, बापूरावांनी, तिला काळजीनं थांबवलं. "बाई, थंडी लागंल." तिनं छाती भरून श्वास घेतला आणि नुकतेच शिकलेले शब्द जुळवले, "थंडी कुठं हाय? छान हाय!" त्या दिवसापासून तिचं नाव थंडीबाई पडलं. खरं नाव लेना, पण ते फक्त तिचा नवरा वापरायचा.

ती फिनलंडची. नवरा युहानी बारामतीजवळच्या एका दूध प्रकल्पात यंत्रं बसवायला सव्वा वर्षासाठी आला होता. वस्तीवर त्याचं 'युवराज' झालं आणि तोही त्या नावाला ओ द्यायला लागला. कंपनी त्यांना बारामतीत फ्लॅट देत होती, पण तिनं भवानीनगरजवळ बापूरावांच्या शेतातलं, तिन्ही बाजूंनी उसानं वेढलेलं घर पसंत केलं. मी तेव्हा बी.एड. होऊन नोकरीची वाट बघत होते. कारखान्यातून निवृत्त झालेल्या आमच्या अप्पांनी मला न विचारताच कबूल करून टाकलं, "आमची पोरगी बाईंना मराठी शिकवंल."

मी वहीवर 'मी आहे, तू आहेस' लिहून न्यायचे. ती गंभीरपणे गिरवायची आणि धडा संपला की बापूरावांच्या आईकडं, आक्कांकडं, गोठ्यात जाऊन मी शिकवलेलं सगळं पुसून यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'हाय' आणि 'न्हाय'. मी रागावले की म्हणायची, "तुझं मराठी पुस्तकात राहतं. आक्कांचं गोठ्यात राहतं. मला गोठ्यात जायचं हाय." मी तिला 'तुम्ही' म्हणाले, तर तिनं चक्क मागं वळून पाहिलं. "तुमी म्हंजी किती बाया? मी एक हाय." तेव्हापासून माझ्या आईच्या वयाची ही बाई माझ्यासाठी 'तू' झाली.

सगळं असं हसतखेळत नव्हतं. युवराज सकाळी सातला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. वीज गेली की मोटार बंद, मोटार बंद की पाणी बंद. तिच्या बहिणीनं पाठवलेलं पार्सल महिनाभर कुठंतरी अडकून पडायचं. एका दुपारी मी गेले तर ती ओट्याला टेकून उभी होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. मी घाबरले. तीच मला समजावायला लागली, "रडते हाय. आजारी न्हाय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आमच्याकडं थंडी आली की माणसं दारं लावून घेतात. हितं थंडी आली की माणसं उन्हाला बाहेर येतात. मग मी आत का बसू?"

त्याच आठवड्यात तिनं वाकड्यातिकड्या देवनागरीत चिठ्ठ्या लिहिल्या. 'रविवार. चार वाजता. कॉफी. या.' कालव्याच्या दोन्ही बाजूंना, दिसेल त्या घरात तिनं चिठ्ठी दिली. त्या रविवारी ओसरीवर पंधराएक माणसं जमली. वेलदोडा घातलेला, वेणीसारखा वळलेला गोड पाव तिनं स्वतः भाजला होता. बापूरावांनी तो कॉफीत बुडवून खाल्ला आणि "आपल्या चहातल्या बटरपेक्षा मऊ हाय" असा दाखला दिला.

आक्का आल्या, पण माझ्या आईला तिथं खुर्चीवर बसलेली पाहून पायरीशीच थांबल्या. आमच्या घरावर पंचशीलाचा झेंडा. आक्का आणि आई चाळीस वर्षं बांधावरून बोलत आलेल्या, भाजी दिलेली, दुखणीखुपणी विचारलेली. पण आक्का कधी आमचा उंबरा ओलांडून आल्या नव्हत्या, आणि एका ठिकाणी बसून चहा तर नाहीच. "मी उभीच बरी," म्हणत त्यांनी कॉफी उभ्यानं संपवली. पुढचा रविवारही उभ्यानं. त्याच्या पुढचाही.

"आक्कांची कंबर दुखती का?" थंडीबाईनं मला विचारलं. मी आधी टाळलं, मग सांगितलं. सांगताना मलाच लाज वाटत होती, आणि ती का वाटावी याचा रागही येत होता. ऐकून तिनं विचारलं,

"मी दोघींना बोलावलं, माझं चुकलं का?"

"नाही."

"आईला वाईट वाटतं?"

"आईला सवय आहे."

"ती सवय वाईट हाय," ती म्हणाली. "आपण बोलवत राहू."

आणि ती बोलवत राहिली. हिवाळाभर तिनं एकही रविवार चुकवला नाही. दुसऱ्या थंडीत आक्का पायरीवर टेकायला लागल्या. तेवढंच. ओसरीवर नाही.

त्या जानेवारीत बापूरावांच्या बहिणीनं सुप्याजवळच्या त्यांच्या शेतात हुरड्याला बोलावलं. थंडीबाईनं अट घातली, "रविवारची सगळी माणसं येणार." म्हणून युवराजसह आम्हीही बापूरावांच्या जीपमधून गेलो. आगटीत गोवऱ्या पेटल्या, ज्वारीची कणसं भाजली, तळहातावर चोळलेला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही. थंडीबाई हात भाजले तरी कणसं चोळायचं सोडेना. एवढ्यात वारा फिरला आणि धूर शेजारच्या उंच चिंचेत शिरला. तिथं आग्यामोहोळ होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"माश्या उठल्या! पळा!" बापूराव ओरडले.

डोकी झाकून आम्ही जीपकडं धावलो. आत शिरून मी मागं पाहिलं. गुडघेदुखीची आई सतरंजीवरून उठूच शकत नव्हती. थंडीबाई जीपपर्यंत पोचली होती. तिनंही ते पाहिलं आणि ती उलटी धावली. तिनं आईला काखेत धरून उभं केलं, पण चार पावलांत दोघी कोलमडल्या. माश्या तिच्या उघड्या दंडांवर, मानेवर, तोंडावर बसत होत्या. तेवढ्यात गोठ्याकडून आक्का आल्या. पंच्याहत्तरीची बाई, पण घोंगडी पसरून पळत आली, दोघींवर ती टाकली आणि स्वतःही आत शिरली. "हालू नगा! त्वांडं खाली घाला!" घोंगडीतून त्यांचा आवाज येत होता. अप्पा उतरायला निघाले, त्यांना बापूरावांनी मागं ओढलं आणि जीपच घोंगडीला भिडवली. आम्ही तिघींना तशाच गुंडाळलेल्या आत ओढून घेतलं.

थंडीबाईचे ओठ सुजले होते. ती काहीतरी सांगत होती, पण घशातून नुसती शिट्टी येत होती. युवराज तिचा हात धरून त्यांच्या भाषेत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता.

सुप्यातल्या एका लहान दवाखान्यात डॉक्टरांनी आल्याआल्या तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि आम्हाला बाहेर काढलं. युवराज तिच्या चपला छातीशी धरून भिंतीला टेकला होता. बाकावर आई बसली होती आणि तिच्याशेजारी, खांद्याला खांदा लावून, आक्का. आईच्या मानेतले काटे त्या नखानं एकेक करून खरवडून काढत होत्या. आक्कांचा स्वतःचा डोळा सुजून मिटला होता.

"हालू नगंस गं. अजून तीन हाईत."

आईच्या डोळ्यांत पाणी होतं. माश्यांच्या दंशाचं नसावं.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. "आता धोका नाही. आजची रात्र इथंच राहू द्या." युवराजनं चपला खाली ठेवल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तो हसला की रडला ते कळलं नाही. आम्ही आत गेलो. सुजलेल्या चेहऱ्यात डोळ्यांच्या दोन फटी तेवढ्या दिसत होत्या. तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"आई?"

"बरी हाय," आक्का म्हणाल्या.

"हुरडा कुणी खाल्ला?"

त्या खोलीत आम्ही इतके हसलो की नर्सनं येऊन दम दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का आमच्या घरी आल्या. दारात क्षणभरही थांबल्या नाहीत. आईची मान तपासली, खुर्चीवर बसल्या, चहा घेतला आणि "साखर कमी पडली" म्हणाल्या. आईनं इतक्या घाईनं साखरेचा डबा काढला की झाकण घरंगळत अंगणात गेलं. मी ही बातमी द्यायला थंडीबाईकडं धावले. तिनं ऐकलं, सुजलेल्या हातानं माझा हात दाबला आणि वही पुढं ओढली. "आज भूतकाळ शिकव," म्हणाली. "मला बहिणीला सांगायचं हाय, काय झालं ते."

मार्चमध्ये कामाची मुदत संपली. निघताना तिनं कुणाला रडू दिलं नाही, स्वतः मात्र बापूरावांच्या गळ्यात पडून रडली. बापूराव हात कुठं ठेवावेत या विचारानं ताठ उभे. गाडी पुण्याकडं गेली आणि आम्ही ज्याच्या त्याच्या कामाला लागलो, पण लक्ष कुणाचंच कामात नव्हतं. दुखण्यातून नुकती उठलेली बाई, एवढा लांबचा प्रवास. आक्का सकाळपासून चार वेळा येऊन विचारून गेल्या, "आला का गं फोन?"

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मोबाईलवर तिचा मराठीत निरोप आला. 'पोचलो. दोघं बरं हाय.'

मी तो मोठ्यानं वाचला. आक्कांनी पुन्हा एकदा वाचायला लावला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "पोचली ना? झालं तर मग," आणि जनावरांना वैरण टाकायला निघून गेल्या.