धोंड्याच्या महिन्यातला रेग्युलेटर

बॅटरीला पाणी पाजण्यात माझ्या वडिलांनी जितके रविवार घालवले तितके त्यांनी कुठल्या देवापुढेही घालवले नसतील, आणि त्या सगळ्या रविवारांचा मला अजून राग येतो. सकाळचा चहा झाला की ते अंगणात पाट टाकायचे, मोटारसायकलच्या बाजूचं झाकण उघडायचे आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली धरून, एक डोळा मिटून, बॅटरीच्या तिन्ही खान्यांत थेंब थेंब पाणी सोडायचे. कॉलनीतले जाणारे-येणारे थांबून म्हणायचे, "गाडी ठेवावी तर अशी!" वडील खूश व्हायचे. पण दर आठवड्याला हे पाणी जातं कुठे, असं कौतुक करणाऱ्यांपैकी एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

आम्ही नाशिकजवळ एकलहऱ्याच्या कॉलनीत राहायचो. वडील वीज केंद्रात कामाला होते. गेज बघणं, नोंदी करणं हे त्यांचं काम, आणि काटा जरा इकडचा तिकडे झाला तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. घरच्या गाडीचा दिवा मात्र चालू गाडीत कधी मेणबत्तीएवढा पिवळा, तर कधी डोळे दिपवणारा पांढरा पडायचा आणि पांढरा पडला की थोड्या वेळात बल्ब उडायचा. नाशिकरोडचा मेकॅनिक पॉलिश पेपर घासून द्यायचा आणि सांगायचा, "साहेब, आता लय दिस बघायला नको." पुढच्या महिन्यात तोच म्हणायचा, "बॅटरीच खराब हाय, बदला." वडील बॅटरी बदलायचे. नवी बॅटरीही तशीच उकळायची.

दोष होता सीटखालच्या काळ्या डबीत. इंजिन जोरात फिरलं की डायनामो जास्त वीज काढतो. ती सगळी बॅटरीवर जाऊ नये, गरजेपुरतीच जावी, हे बघणं त्या डबीचं, म्हणजे रेग्युलेटरचं काम. गॅसवर दूध ठेवलं की जवळ उभं राहावं लागतं, तसं. आमच्या गाडीतला रेग्युलेटर जुन्या पद्धतीचा होता, आत तारेची वेटोळी, स्प्रिंगा आणि टिकलीएवढे पॉइंट. ते पॉइंट झिजून चिकटायचे, दूध उतू जायचं आणि आमच्याकडे रविवारी पातेल्यात पाणी घालायचा सोहळा चालायचा.

हे मला कळत होतं, कारण मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. वडिलांनीच करायला लावला होता. कॉलनीतल्या मैदानावर, मी नववीत असताना, गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं होतं. किक मारताना पाय मागे आला की पिंढरी सोलून निघते, म्हणून जाड मोजे घालायला लावायचे. मी मैदानाला चक्कर मारून आले की लोकांना सांगायचे, "पोरगी बघा कशी चालवते!" मग मी मोठी झाले. गाडीच्या किल्लीचा खिळा भिंतीवर होता तिथेच होता, पण माझा हात तिकडे गेला की आई खाकरायची. कुणी काही सांगितलं नाही. मलाच समजून घ्यायचं होतं म्हणे.

डिप्लोमा झाल्यावर अंबडला एका कारखान्यात टेस्टिंगला नोकरी लागली. हजर दसऱ्यानंतर व्हायचं होतं. पहिली शिफ्ट सकाळी सातची आणि एकलहऱ्याहून अंबडला जायचं म्हणजे तीन बस. वडील प्लांटला सायकलने जायचे. मोटारसायकल आठवडाभर मेणकापडाखाली उभी असायची. मी म्हटलं, "बाबा, गाडी मी नेत जाते."

वडिलांनी पेपर खाली ठेवला. "थंडीत सहाला अंधार असतो," ते म्हणाले. "ह्या गाडीच्या लाइटचा भरवसा नाही. लाइट धड असता तर मी कशाला नाही म्हटलं असतं?"

मी ते वाक्य गाठीला बांधलं. वेडीच होते मी. मला वाटलं, कारण सांगितलं म्हणजे कारण तेच असणार.

कॉलेजातून मीटर मागून आणला आणि एका दुपारी गाडी चालू करून बॅटरीला लावला. सहा व्होल्टच्या बॅटरीला सव्वासाताच्या आसपास मिळायला हवं. रेस दिली की काटा दहाकडे पळत होता. वडिलांना दाखवलं. गेज बघण्यात हयात गेलेला माणूस तो, काटा बघून म्हणाला, "कंपनीने बसवलेलं आहे. त्यात डोकं चालवू नकोस."

मी चालवलं. कॉलनीतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते, ते घेऊन नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. तिथे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळायचा, आत हलणारं-झिजणारं काहीच नसलेला. दुकानदाराने माझ्या मागे कुणी उभं आहे का ते बघितलं. "ताई, घरचं कोणी येणार आहे का? गाडीची माहिती लागेल."

"मी घरचीच आहे," मी म्हटलं आणि गाडीची माहिती दिली. तरी त्याने पावती वडिलांच्या नावाने करू का म्हणून विचारलंच.

घरी येऊन तो बसवला तर चार्जिंगच होईना. वडील ओट्यावरून बघत होते, त्यांनी "मी सांगितलं होतं" असा चेहरा केला. मी तारा पुन्हा तपासल्या, बरोबर होत्या. मग लक्षात आलं, डबी ज्या पट्टीवर कसली होती तिच्यावर वडिलांनी हौसेने रंगाचे तीन-चार हात मारलेले होते, त्यामुळे डबीला गाडीच्या पत्र्याशी अर्थिंग मिळत नव्हतं. रंग खरवडून लखलखीत पत्रा काढला आणि डबी परत कसली. काटा सव्वासातावर आला, आणि कितीही रेस दिली तरी तिथून हलेना.

संध्याकाळी वडील सामनगावपर्यंत चक्कर मारून आले. स्टँड लावून थोडा वेळ दिव्याकडे बघत उभे राहिले. "बरा पडतोय," म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी पाट टाकला, झाकण उघडलं, तिन्ही खान्यांत वाकून बघितलं आणि बाटलीचं बूच परत लावलं. पाणी कमी झालंच नव्हतं. जुनी डबी मात्र त्यांनी डालड्याच्या डब्यात जपून ठेवली, कधीतरी लागेल म्हणून. मी मनातल्या मनात अंबडला पोचले होते.

त्या वर्षी अधिक महिना अश्विनात आला. आमच्याकडे अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाचा महिना. माझी मोठी बहीण सिन्नरला दिलेली, तिचा मुलगा तेव्हा मांडीवरचा. ताई-दाजींना जेवायला बोलावलं. आईने अनारशांचं पीठ आंबत घातलं, तांब्याचं तबक चिंचेने घासलं. आणि जेवणाच्या आदल्या दिवशी वडील म्हणाले, "जावईबुवांना गाडी देऊन टाकू. आता लाइटबिट सगळं चांगलं झालंय, देताना लाज वाटायची नाही."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग आलं.

"आणि मी?" मी म्हटलं. "तुम्ही काय म्हणाला होतात? लाइट धड असता तर."

"अगं, ते लाइटचं आपलं..." वडील म्हणाले. आईने कढईतला झारा बाजूला ठेवला. "समोरच्या काकू परवाच विचारत होत्या, पोरगी रोज गाडीवर जाणार का म्हणून. उद्या स्थळं बघायची आहेत तुला. आणि ताईच्या सासरी मान नको राहायला?" म्हणजे माझ्या दोन दुपारी, माझ्या शिकवण्यांचे पैसे आणि माझी सोललेली बोटं तबकात घालून मान द्यायचा होता. मी रडले नाही. रडले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

जेवणाच्या दिवशी सकाळी घरात अनारसे तळले जात असताना मी सीट उघडली. दोन बोल्ट आणि चार तारा. माझा रेग्युलेटर काढून ओढणीत गुंडाळला, डालड्याच्या डब्यातला जुना काढून जागेवर कसला. गाडी वडिलांची, त्यांनी ती खुशाल द्यावी. रेग्युलेटर माझा होता. त्याची मला तेव्हाही लाज वाटली नाही आणि आताही वाटत नाही.

दुपारी पंगत बसली. आईने तेहतीस अनारसे तबकात रचून वर तुपाचा दिवा लावला आणि वाण दाजींच्या हातात दिलं. वडिलांनी किल्ली त्यावर ठेवली. दाजी भले माणूस, संकोचून म्हणाले, "अहो, एवढं कशाला? गाडीचं काय काय काम काढलं होतं?"

"सगळं करून घेतलंय," वडील म्हणाले. "नाशिकरोडला आपला नेहमीचा मेकॅनिक आहे ना!"

मी वाढत होते. आमटीचा चमचा माझ्या हातात होता, तो मी पातेल्यात इतक्या जोरात ठेवला की ताईने वर बघितलं. तिला काही माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

गप्पांत, झोपेत, चहात निघायला संध्याकाळ झाली. दाजींनी किक मारली, गाडी चालू झाली. ताई मागे बसली, बाळ कुशीत, पदर घट्ट खोचलेला, अनारशांचा डबा मांडीवर. उन्हं उतरली होती. आणि मला एकदम पुढचा रस्ता दिसला. शिंदे, पळसे, मग मोहदरीचा घाट. घाटात पोचेपर्यंत पूर्ण अंधार. घाट चढताना इंजिन रेस होणार, काटा दहाकडे पळणार आणि बल्ब उडणार तो नेमका तिथेच, ट्रकांच्या मध्ये.

"थांबा," मी ओरडले. "ताई, उतर खाली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आतून पाने आणि ओढणीतली डबी आणली, गाडी बंद केली आणि सणाच्या ड्रेसमध्ये मातीत बसले. समोरच्या काकू ओट्यावर आल्या, शेजारचे दोघे-तिघे फाटकाशी थांबले. बघू देत, म्हटलं. दोन बोल्ट, चार तारा. वडील माझ्या मागे उभे होते, त्यांच्या चपला तेवढ्या मला दिसत होत्या.

"मेहुणी मेकॅनिक निघाली की हो!" दाजी म्हणाले.

"आधीपासून मीच होते," मी म्हटलं. "नाशिकरोडचा मेकॅनिक फक्त पॉलिश पेपर घासतो."

मग मी सीट बसवली, किक मारली आणि दाजी हात पुढे करायच्या आत गाडीवर बसले. "टेस्ट घेतल्याशिवाय कुठलाच मेकॅनिक गाडी देत नाही," एवढं म्हणून फाटकातून बाहेर पडले. कॉलनीच्या रस्त्याने, मैदानाला वळसा घालून, मोठ्या रस्त्यापर्यंत. दिवा लावला होता. एकसारखा उजेड, जोर वाढवला तरी तेवढाच, कमी केला तरी तेवढाच. वळून परत यायचं जिवावर आलं होतं, पण मोठ्या रस्त्यावरून वळले, कारण ताई वाट बघत होती.

किल्ली मी वडिलांना दिली नाही, दाजींनाही नाही. ताईच्या हातात दिली. ती हळूच म्हणाली, "तू केलंस हे?" आणि बाळाला कमरेवर सावरत गाडीवर बसली. गाडी फाटकाबाहेर पडली तसे वडील पुटपुटले, "लाइट चांगला पडतोय." मी म्हटलं, "हो ना? मग आता माझ्यासाठी काय कारण काढणार?" त्यांनी फाटक लावून घेतलं.

दसऱ्यानंतर मी नोकरीला लागले. तीन बस. अंधारात स्टॉपवर एकटी उभी राहून तीन बस बदलणारी मुलगी कॉलनीला चालत होती, स्वतःच्या दिव्याच्या उजेडात जाणारी चालत नव्हती. काकूंनी परत कधी काही विचारलं नाही.

वडील मला स्टॉपपर्यंत सोडायला यायचे, रोज, थंडी असो की धुकं. हातात बॅटरीचा टॉर्च. तो पुढे धरून माझ्या अर्धं पाऊल पुढे चालायचे. खड्डा आला की म्हणायचे, "जपून." माझ्यावर त्यांचा जीव होता, हे मी नाकारत नाही. फक्त उजेड माझ्या हातात द्यायचा धीर त्यांना झाला नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो.

एका सकाळी निम्म्या वाटेत टॉर्च पिवळा पडला. ते थांबले, तळहातावर आपटायला लागले, सेल काढून पुसायला लागले. "थांब जरा," म्हणाले, "काही दिसत नाही."

मला दिसत होतं. मी पुढे चालत राहिले.