पुस्तकातला सरवा

मी काही शिकवणारी बाई नाही. सातवीत होते तेव्हाच लग्न झालं. पुढं लेकरं वरच्या वर्गात गेली की त्यांची जुनी पुस्तकं माझी, असं करत करत जे वाचलं ते वाचलं. तरी गावात कोणाचं लेकरू वाचनात अडलं की आणून बसवलंच माझ्या ओसरीवर. लोकांना वाटते, बुढीले काय काम आहे!

शेजारची चौथीतली पोरगी अशीच आली. बाप दुसऱ्याच्या वावरात बटईनं, अर्ध्या वाट्यावर, भाजीपाला करते, आजी टोपलं घेऊन तो दारोदार विकते. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत, पाचवीपासून भातकुली. बापानं पोरीला साफ सांगून टाकलं होतं, "अमरावतीच्या मिशनच्या शाळेत होस्टेलसकट नंबर लागला तं शिक. नाही तं घरी राहून भावाले सांभाळ. रोज एकटीले एसटीनं भातकुलीले धाडनार नाही मी." त्या शाळेत मुलाखतीला बाई पुढ्यात बसवून एक गोष्ट वाचायला लावतात अन् तिच्यावर प्रश्न विचारतात. सरावाला बायबलातल्या गोष्टींचं एक पातळसं पुस्तक दिलं होतं. म्हटलं, सोपं आहे. कपाळ सोपं!

वाचायला पोरगी मिरची तडतडावी तशी. घोडं अडायचं ते प्रश्नावर.

गोष्ट सासू-सुनेची होती. दोघी विधवा. सासू परमुलखातून आपल्या गावी परत निघते, सून माहेरी न जाता तिच्यासोबत येते. घरात दाणा नाही म्हणून सून कापणी चाललेल्या वावरात मजुरांच्या मागं मागं जाऊन पडलेली कणसं वेचते. वावराचा मालक भला, तो मजुरांना सांगतो की मुद्दाम थोडी कणसं पाडा, तिला वेचू द्या. एवढीच गोष्ट.

मी विचारलं, "सून सासूसोबत काहून गेली?"

"माहेरी भावजय ठेवत नसन."

"अवो पोरी, भावजय कुठून आणली? पुस्तकात काय लिहिलं? तिचा सासूवर जीव होता."

पोरगी माझ्याकडे अशी पाहते, जसं काही मीच खोटं बोलून राहिले. आजी तिथंच टोपल्यातली मेथी निवडत बसली होती. ती म्हणते, "जीव असन तं असन बापा. आपल्या गावात तं पाह्यली नाही अशी सून."

"तू गप बस व," मी म्हटलं. "मुलाखत तुही नाही, तिची आहे."

पुढचा प्रश्न. "सुनेनं वावरात काय केलं?"

"चोरी."

माझं डोकंच फिरलं. "चोरी? तिनं खाली पडलेला सरवा वेचला ना! तुही आजी नाही जात सरवा वेचाले?"

झालं, आजीनं मेथी खाली ठेवली. "मी सोयाबीन निघून वावर मोकळं झाल्यावर जातो. मालकाले विचारून जातो. कापनी चालू असताना पाय ठेवला तं मुकादम टोपलं फेकून देते. कापनी सुरू असताना सरवा असते का कुठं?"

"नसते," नात म्हणाली. "म्हणून तं चोरी म्हटलं."

आता ह्यांना काय सांगावं? आमच्याकडची रीत तीच आहे, मालकाचं सारं उचलून झालं की मग सरवा. पण त्या देशाची रीत वेगळी असेल ना! बरं, मालक दयाळू होता हे तरी पोरीनं मानावं? तर नाही. मजुरांना कणसं पाडायला लावणारा मालक तिला येडा वाटे. रोज संध्याकाळी तेच. मी म्हणायचे पुस्तकात पाहा, ती पाहायची आजीकडे. शेवटी मी आजीलाच हाकललं, "मेथी तुह्या घरी निवड!" अन् पोरीला बजावलं, "हे पाह्य, तिथं जे छापलं तेच सांगजो. तुह्या मनातलं घरी ठेवजो. नाही तं बस मंग भावाले खांद्यावर घेऊन."

ते ऐकून पोरीनं पुस्तकात तोंड खुपसलं. मलाही वाईट वाटलं, पण बोलून गेले.

मुलाखतीला बापाला वावरातून सुटी नव्हती, मीच घेऊन गेले अमरावतीला. बाईंनी नेमकी तीच गोष्ट उघडली. पोरीनं धडाधड वाचली. सून का गेली? सासूवर जीव होता. वावरात काय केलं? पडलेली कणसं वेचली. मी मनात म्हटलं, शाब्बास माझी वाघीण.

"मालक कसा होता?"

"पुस्तकात दयाळू लिवला आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि तुला कसा वाटतो?"

पोरगी माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "मले विचारू नका मॅडम. मनातलं घरी ठेवून ये म्हणे ही मोठी आई."

जमीन दुभंगावी अन् मी आत जावं असं झालं. बाई हसल्या नाहीत. माझ्याकडं एकदा पाहिलं, मग पोरीला म्हणाल्या, "पुस्तकातलं कोणतं आणि मनातलं कोणतं, हे तुला वेगळं कळतं ना?"

"हो. पुस्तकातलं सोपं असते."

तिचं नाव लिहून घेतलं. गादी, ताट, पेटी काय काय आणायचं ते मला सांगितलं, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

परतीच्या एसटीत मी डोळे मिटून टेकले होते. पोरगी कोपरानं ढोसते, "मोठी आई, तो मालक इतका दयाळू होता, तं त्यानं पायलीभर दाने सरळ तिच्या पदरात काहून नाही टाकले? उन्हात वाकून वेचाले काहून लावलं?"

"खिडकीतून बाहेर पाह्य," मी म्हटलं. "अन् हे तुह्या नव्या मॅडमले विचारजो. त्यांचं डोकं खाय आता, माहं खाऊन झालं."