मुशीतलं प्लॅटिनम

मांद्र्याचा तो माणूस दर मंगळवारी आमच्या प्रयोगशाळेत येई आणि माझा जीव खाई. त्याचं नावसुद्धा मी कधी विचारलं नाही. त्याच्या बायकोच्या गाठीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा माझ्याकडे होता. तिला प्लॅटिनम असलेल्या औषधाची इंजेक्शनं चालू होती. औषध गाठीत पोचत असेल, तरच डॉक्टर ती पुढे देणार होते. ते मोजायचं काम माझं.

"वखद पोचलां काय ओ?" टोपी कुरवाळत तो विचारी. मग बाटल्यांना बोटं लावत बसे. एकदा वैतागून मी त्याच्यासमोरच तुकडा जाळला आणि राखेवर कडक आम्ल ओतलं.

"भांडां चांदीचां?"

"प्लॅटिनमचं. हात लावू नका." डिचोलीच्या खाणीत नोकरीला असताना मी खनिज अशाच मुशीत विरघळवायचो. तीच सवय.

तो घुटमळला. "कल्हई नसलेल्या टोपात आमसुलाची कढी केली, तर तांबां उतरता. ह्या भांड्याचां तसां नाय ना होणार?"

"तुम्ही कढी करा, मला माझं काम करू द्या!" मी ओरडलो.

तो गेल्यावर रिकाम्या मुशीत नुसतं आम्ल तापवून मोजलं. त्यातही प्लॅटिनम आलं. तुकडा तर संपला होता.

पुढच्या मंगळवारी त्याने तेच विचारलं. खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. "पोचलं," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. मग टोपी काढून तो म्हणाला, "त्या दिवशी भांड्याचां कायतरी बोललंय. मनात ठेवू नका."

"असू दे," म्हणत मी त्याला माफ केलं.