पाच दिवसांचा राजा

माझी आत्या वाळीत होती, आणि ते वाळीत असणं कापूस वेचतानासुद्धा दिसायचं. वेचणाऱ्या बायका एकेक ओळ धरत. त्या ओळीला आम्ही पात म्हणतो. धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची, शेवटची पात आत्याची, आणि तिच्या अलीकडे दोन पाती रिकाम्या. गुन्हा एवढाच की सासर सोडून ती दारव्ह्याच्या एका परजातीच्या गाडीवानासोबत राहिली. तो वर्षभरात तापानं गेला, ती माहेरी परतली आणि पंचांनी तिला जातीबाहेर केलं. बाबा तिचे सख्खे भाऊ. त्यांनी तिला वावरातली झोपडी दिली, ज्वारी दिली, पण घराचा उंबरा दिला नाही. सात वर्षं तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. लोक म्हणत, भावानं फार केलं. मला तेव्हाही त्या बोलण्याचा राग यायचा.

आत्याची गोष्ट मात्र रिकाम्या पाती ओलांडून माझ्यापर्यंत यायची. एका पोरीला गावानं रानात टाकलेलं असतं. शिकारीला निघालेला राजा तहानेनं तिच्यापाशी येतो. प्रधान ओरडतो, हिच्या हातचं पिऊ नका. राजा घोड्यावरून उतरतो, तिच्या ओंजळीतलं पाणी पितो आणि तिला घोड्यावर बसवून नेतो. इथं आत्या थांबायची.

"मंग?" मी विचारायची.

"मंग काय व, रानी झाली."

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न निघालं. नवरदेव दिग्रसला, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात फिटर. आत्याला अर्थातच बोलावणं नव्हतं. आमच्याकडे नवरदेवाला पाच दिवसांचा राजा म्हणतात. त्या दिवसांत त्याचं मन मोडायचं नाही. मी नऊ वर्षांची, अक्कल बेताची. मला ते अक्षरशः खरं वाटलं. वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशात मी पाणी घेऊन गेले आणि बहिणीच्या नवऱ्याला विचारलं, "भाटवे, तुमी राजे हाव का?"

तो हसला. "पाच दिवसाचा हावो ना."

"मंग माह्या आत्याले सोडवा." आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता त्याचं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. नवरदेवानं रुसायची आमच्याकडे चालच आहे. तो ताटाला हात लावत नाही, सासरा काहीतरी देतो, मग तो जेवतो. बाबांच्या खिशात रिवाजाचं मनगटी घड्याळ तयारच होतं. भाटव्यांनी ते परत केलं.

"मामाजी, घड्याळ नाही पाह्यजे. वावरातल्या आत्याबाईनं वाढलं तं जेवतो."

बाबा तसेच अनवाणी निघाले. त्यांच्या मागे मी.

आत्या झोपडीपुढे जळणासाठी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडत होती. बाबा तिच्याकडं न पाहता म्हणाले, "जवाई रुसला. तू वाढशीन तं जेवतो म्हणते."

"घड्याळ नाही देलं का त्याले?"

"देलं. घेत नाही."

"मंग मी काय घड्याळ हावो का, दादा?" ती पऱ्हाट्या मोडतच राहिली. "जवायाचा रुसवा काढाले आला तू. माह्यासाठी नाही आला."

मला वाटलं, संपलं. राजा आला, घोडा आला, आणि ही बया बसायला तयार नाही! तिचा इतका राग आला की मला रडू फुटलं. बाबा उन्हात उभे होते. माती तापलेली, एकदा हा पाय उचलत, एकदा तो. मग म्हणाले, "सात वर्ष मले लाज नाही वाटली. आता वाटून राह्यली. जवायाचं सोड. मी बोलावतो. चाल घरी, बाई."

आत्यानं हातातली काडी टाकली. पदरानं तोंड पुसलं.

"चपला काहून नाही घातल्या?" एवढंच म्हणाली आणि निघाली.

ती मांडवात येताच अर्धी पंगत उठून गेली. भाटवे जेवले. बाबा त्यांच्या शेजारी बसले, आणि आत्यानं भातावर वरण घालताच ढसाढसा रडले. पंचांनी मग आम्हालाही वाळीत टाकलं. जी जात नाही ती जात म्हणतात. माझं स्वतःचं लग्न त्यापायी कित्येक वर्षं अडलं, आणि त्याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्या हंगामात कापूस वेचायला आमच्याकडे कुणी येईना. आई, बाबा, आत्या, मी, अशी घरचीच चौघं. पाती आता लागून होत्या. मी गोष्ट मागितली. राजा आला, पाणी प्याला, घोड्यावर बस म्हणाला.

"मंग?"

"मंग काय व. पोरगी म्हणते, तू जाय बाप्पा राजा. माहा भाऊ पायी येऊन राह्यला, मी त्याच्यासंग जाईन."

पलीकडच्या पातीत बाबा होते. त्यांनी वर पाहिलं नाही. कमरेची झोळी भरून कापूस खाली सांडत होता, तरी ते वेचतच राहिले.