पडद्यावरचा डावा हात

माझं काम काय आहे हे सांगायला मला नेहमी दोन वाक्यं जास्त लागतात. ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांसाठी मी सिनेमाचं वर्णन लिहिते. दोन संवादांच्या मधे तीन-चार सेकंदांची जागा मिळते, तेवढ्यात बसेल असं एक वाक्य: तो खिडकीशी जातो, पडदा सारतो. मग कोणीतरी ते रेकॉर्ड करतं. लिहायचं सगळं इंग्रजीत. लंडनमधल्या हॅरोच्या घरातल्या मागच्या छोट्या बेडरूममध्ये बसून मी गेली कित्येक वर्षं हेच करते आहे.

मागच्या वर्षी आमच्याकडे जुन्या अमेरिकन सिनेमांचा एक गठ्ठा आला. सगळे ब्लॅक अँड व्हाइट, महायुद्ध संपल्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतले. एका चॅनलला ते दुपारी दाखवायचे होते. त्यातले चौदा माझ्या वाट्याला आले, कारण त्या चौदांमध्ये एकच नट होता आणि सगळं एकाच माणसानं लिहिलं तर वर्णनात मेळ राहतो. हा नट नायक कधीच नव्हता. नायकाचा मित्र, शेरीफचा उजवा हात, शेवटी गोळी लागून मरणारा इमानी पोलीस. पोस्टरवर नाव तिसरं किंवा चौथं. उंच, खांदे जरा उतरते, आणि हसू आधी डोळ्यांत यायचं, मग ओठांवर.

मी त्याच्याबद्दल थोडं वाचलं. लहानशा गावातल्या न्हाव्याचा मुलगा. युद्धात नौदलात होता, परत आल्यावर एका स्टुडिओनं सात वर्षांच्या करारावर घेतलं. त्या काळी करार म्हणजे कुठला सिनेमा करायचा, केस कसे कापायचे, कोणाबरोबर जेवताना दिसायचं, हे सगळं स्टुडिओ ठरवणार. रोल नाकारला तर घरी बसवणार आणि घरी बसलेले दिवस कराराच्या शेवटी जोडणार. मला वाचताना गंमत वाटली होती.

सिनेमे ज्या क्रमानं बनले त्याच क्रमानं मी करत गेले. दर मंगळवारी ग्लासगोच्या एका बाईबरोबर माझा कॉल असायचा. ती माझ्यापेक्षा वयानं मोठी, तिशीत असताना तिची दृष्टी गेली. माझं लिखाण सिनेमाबरोबर ऐकायचं आणि कुठे काही कळलं नाही ते सांगायचं, हे तिचं काम. बाराव्या सिनेमानंतरच्या मंगळवारी ती म्हणाली, "एक विचारू का? हा माणूस कायम हातात काहीतरी धरून का असतो?"

"म्हणजे?"

"नवव्या सिनेमापासून ऐकतेय मी. टोपी, पाइप, घोड्याचा लगाम, मग कुठल्यातरी बाईचा कोट. आणि काहीच नसलं की तू लिहितेस, हात खिशात. प्रत्येक वेळी डावाच. आधी मला वाटलं तू कंटाळलीस आणि तेच तेच लिहितेस."

"मी जे दिसतं तेच लिहिलंय."

"हो ना. म्हणूनच विचारते. आणि तो डावा पाय घासत चालतो."

"नाही गं. मला तसं काही दिसलं नाही."

"दिसत नसेल," ती म्हणाली. "ऐकू येतं."

कॉल संपल्यावर मी चहा करून आणला आणि पहिला सिनेमा आवाज बंद करून लावला. कोर्टाच्या पायऱ्या तो उतरतो तेव्हा दोन्ही हात छान मागेपुढे होतात. नवव्यात तो एक लांब गल्ली पार करतो. उजवा हात हलतो. डावा नुसता बाजूला लटकतो, कोणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. अकराव्यात तो पापणी जवळजवळ लववतच नाही. बाराव्यात एक प्रसंग आहे, मित्राची बायको दार उघडते आणि हा हसतो. हसू ओठांवर येतं आणि तिथेच थांबतं. मी तिथे लिहिलं होतं: तो थंडपणे हसतो. मला त्या पात्राचा धूर्तपणा वाटला होता तो. हा कुठलातरी आजार होता, आणि मी तो स्वभाव म्हणून लिहून मोकळी झाले होते.

मला सगळ्यात जास्त भीती पावलांच्या आवाजाची वाटली. त्या सिनेमांमध्ये पावलांचे आवाज बरेचदा नंतर भरलेले असत. स्टुडिओत कोणीतरी बूट घालून, पडद्याकडे बघत, नटाच्या पावलावर पाऊल टाकत चालायचं. म्हणजे त्या वेळीही एका अंधाऱ्या खोलीत बसून कोणीतरी हे नीट पाहिलं होतं, आणि एक शब्द न बोलता डावा पाय तसाच घासला होता.

शोधता शोधता त्याच्या गावाकडच्या एका वर्तमानपत्राचं जुनं पान मिळालं. त्याची मुलगी स्वतः म्हातारी झाल्यावर बोललेली होती. वडिलांना आपल्या आजाराचं माहीत होतं, असं तिनं सांगितलं होतं. प्रत्येक सिनेमाआधी विम्याचा डॉक्टर तपासायचा, आणि तिथे ते डाव्या हातात हॅट घट्ट धरून उभे राहायचे. सेटवर गेल्या गेल्या आधी सामानवाल्या माणसाला गाठायचे, आज माझ्या हातात काय आहे विचारायला. शेवटच्या सिनेमात ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत टेबलामागे बसून आहेत. त्यानंतर कराराची मुदत वाढवली नाही. बायकोच्या गावी हार्डवेअरचं दुकान काढलं, काही वर्षं चालवलं, मग तेही झेपेना. तेव्हा या आजारावर, पार्किन्सन्सवर, धड औषधच नव्हतं.

बाराव्या सिनेमातलं माझं वाक्य मी बदललं. थंडपणे काढलं. तो हसतो, एवढंच ठेवलं.

पुढच्या आठवड्यात दिवाळीची खरेदी करायची म्हणून नवऱ्याला ऑफिसमधून सुटल्यावर स्टेशनवर भेटायचं ठरलं होतं. मी लवकर पोचले आणि वरच्या पुलावर काचेशी उभी राहिले. मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन आली, माणसं उतरली. इतक्या उंचीवरून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पाठीवर बॅग, मान जरा पुढे. सवयीनं डोक्यात वाक्य तयार व्हायला लागलं: तो प्लॅटफॉर्मवरून येतो, डावा हात मागेपुढे, उजवा. पुढचा शब्द मी मनातसुद्धा उच्चारला नाही.

तो वर आला आणि म्हणाला, "काय गं, एवढी पांढरी का पडलीस?"

"थंडी," मी म्हणाले.

आम्ही पणत्या घेतल्या, रांगोळीचे रंग घेतले. रंगाची पाकिटं त्यानं डाव्या हातात घेतली. मी बघत होते.

नंतरचे दोन आठवडे मी त्या आजाराची लक्षणं वाचत होते आणि मागचं एकेक आठवत राहिलं. उन्हाळ्यात दूध करपलं होतं. तो किचनमध्येच लॅपटॉप घेऊन बसला होता आणि धुरानं अलार्म वाजेपर्यंत त्याला वासच आला नव्हता. मी केवढी ओरडले होते. मुलीच्या वाढदिवसाच्या कार्डावर त्याचं अक्षर पहिल्या ओळीत बरं होतं, खाली येईपर्यंत मुंगीएवढं झालं होतं. मी म्हटलं होतं, लिहायचीसुद्धा घाई!

शेवटी एका शनिवारी सकाळी विचारलं. "तुझा उजवा हात दुखतो का?"

"नाही. का?"

"चालताना हलत नाही तो."

तो आधी हसला. मग एकदम चिडला. "दिवसभर तू मेलेल्या माणसांना बघत बसतेस, आणि दार उघडून बाहेर आलीस की मला बघतेस. मी काय तुझ्या पिक्चरमधला आहे?"

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मुलगी ब्रिस्टलला युनिव्हर्सिटीत, त्यामुळे घरात बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून हाक आली. मी गेले. अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

"ऐक ना," तो आरशात बघून म्हणाला. "रेझर नीट फिरत नाहीये. कधीपासून बघतेयस तू हे?"

जीपीनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, पुढे हॉस्पिटलला पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, बोटं उघड-मीट करायला लावली. तो चालत होता आणि आम्ही दोघी नेमक्या एकाच जागी बघत होतो. मग स्कॅन झाला. नाव तेच निघालं. डॉक्टर म्हणाल्या, आता चांगली औषधं आहेत, पुष्कळ वर्षं काम करता येतं. तो मान डोलवत राहिला.

परतताना ट्रेनमध्ये म्हणाला, "ऑफिसमध्ये सांगायचं नाही."

"अरे, कायदा आहे. काढू शकत नाहीत."

"काढणार नाहीत. मीटिंगला बोलवायचं बंद करतील. हळूहळू."

मी वाद घातला नाही. मंगळवारी ग्लासगोच्या मैत्रिणीला सांगितलं, आणि चौदावा सिनेमा दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगणार आहे म्हणाले. ती म्हणाली, "मी बोलले नसते तर बरं झालं असतं का?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

जानेवारीत त्याचं मोठं प्रेझेंटेशन होतं. आदल्या रविवारी सूट घालून, लॅपटॉप उजव्या हातात छातीशी धरून तो आमच्या पॅसेजमध्ये दारापासून जिन्यापर्यंत तीनदा चालला.

"दिसतंय?"

"नाही," मी म्हणाले.

दिसत होतं. चौथ्यांदा मी त्याला म्हटलं, जरा हळू चाल, वळताना भिंतीच्या बाजूनं वळ. त्यानं तसं केलं. प्रेझेंटेशन चांगलं झालं. औषधांनी हात थोडा सुटला, महिनाभर आम्हाला वाटलं की आपण उगाच घाबरलो. मग मार्चमध्ये सही करताना पेन अडकायला लागलं.

मुलीला फोनवर सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. ईस्टरला ती घरी आली. दारात बॅग टाकली, त्याला मिठी मारली, आणि दोन पावलं मागे होऊन बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुझी हात का हलत नाही?"

तिचं मराठी तो एरवी लगेच सुधारतो, ती वैतागेपर्यंत. त्या दिवशी नाही सुधारलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या हातानं डायनिंग टेबलाची खुर्ची बाहेर ओढली.

"बस," तो तिला म्हणाला. "सांगतो."